उन्हात ठेवलेली बरणी

मी एक जुनी लोणच्याची बरणी आहे. म्हणजे होते, आता काय झाले आहे, ते ओघात सांगतेच. गळ्याशी तपकिरी, पोटाशी पांढरी, अशी तेव्हा दिसायचे मी.

मित्रांनो, माझा जन्म भट्टीतला, त्यामुळे तिखटामिठाला मी कधीच घाबरले नाही. सांगलीच्या बाजारात एका बाईंनी मला टिचकी मारून पाहिलं. आवाज खणखणीत आला, तशी त्यांनी मला घरी नेलं. त्यांच्या हातच्या कैऱ्या माझ्या पोटात वर्षानुवर्षं मुरल्या. त्यांची लेक शैलजा लग्न होऊन अमेरिकेला निघाली, तेव्हा त्यांनी आपल्या दोन साड्यांत गुंडाळून मला तिच्या बॅगेत बसवलं. विमानतळावर वजन जास्त भरलं. शैलजाने पुस्तकं बाहेर काढली, मला मात्र काढलं नाही. हे मी कशी विसरेन?

अमेरिकेतल्या नेपरव्हिल गावी शैलजाच्या घरात माझं कौतुक फार झालं. पाहुणे लोणचं चाखायचे आणि बोटं चाटायचे. पुढे सांगलीच्या बाई गेल्या. त्यानंतर शैलजा कधीकधी नुसतंच माझं झाकण उघडून वास घ्यायची. तिच्या आईचं तिच्यापाशी उरलेलं असं मीच होते.

मग यंदाचा फेब्रुवारी आला. सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. लिंबाचं लोणचं घालायचं म्हणून शैलजाने मला धुतलं, वास जावा म्हणून काठोकाठ पाणी भरलं आणि उन्हात ठेवायचं म्हणून घरामागच्या उघड्या लाकडी डेकवर नेऊन ठेवलं. आईकडे असंच करत. इथल्या उन्हात नुसता उजेड असतो, ऊब नसते, हे इतकी वर्षं राहूनही ती त्या दिवशी विसरली. दुसऱ्या दिवशी पाहते तो आतल्या पाण्याचा बर्फ झालेला आणि मी उभी तडकलेली.

तडा गेलेली वस्तू घरात ठेवायची नाही, हा नियमही तिच्या आईचाच. शैलजाने मला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि कचऱ्याच्या डब्यापाशी कितीतरी वेळ नुसती उभी राहिली.

तेवढ्यात तिची लेक रीमा आली. "आई, वेट! लायब्ररीत रोमन मोझेइक करतोय ना आम्ही, त्यासाठी ब्रोकन पॉटरीच हवीय. आपल्या मराठी मंडळातून कोणीच काही आणलं नाही."

"कसं आणतील? फुटकं घरात ठेवतं का कोणी? आणि फुटकं कुणाला देऊ नये, बाळा."

"बट धिस इज आजीज!"

शैलजाने मला रीमाच्या हातात दिलं. तिने गाडीची किल्ली घेतली.

लायब्ररीच्या मोठ्या टेबलावर फुटके तुकडे जडवून एका रोमन जहाजाचं चित्र आकार घेत होतं. गावातल्या घराघरांतून आलेल्या बशा, कप आणि फरशांचे तुकडे त्यात बसले होते. कापुतो नावाचे म्हातारे गृहस्थ ते काम पाहत. त्यांचे आजोबा रोमजवळच्या खेड्यातून आलेले. त्यांनी मला दोन्ही हातांनी घेतलं. रोमची जहाजं तुमच्या भारताच्या किनाऱ्यावर यायची, दारूचे आणि तेलाचे रांजण घेऊन, असं ते शैलजाला म्हणाले. त्या रांजणांची खापरं मागे राहिली, म्हणून तर आपल्याला ते कळलं.

मी कुणाची ते रीमाने सांगितलं, तशी माझे तुकडे करायची हातोडी त्यांनी शैलजापुढे धरली. "युअर मदर्स. यू शुड डू इट."

शैलजाने मला नाकाशी धरलं. मोहरी आणि हिंगाचा वास अजून होता. "आई, आता तू इथे राहा," ती म्हणाली आणि तिने घाव घातला. खरं सांगते, मला दुखलं नाही. तिचा हात फार हळुवार होता.

आता ते चित्र लायब्ररीच्या भिंतीवर लागलं आहे आणि मी त्या जहाजावरचे रांजण झाले आहे. माझ्या शेजारी कुणाच्या तरी पोलिश आजीची निळी बशी आहे आणि आमचं छान जमतं. मुलं माझ्यावरून हात फिरवतात. दर शनिवारी शैलजाही येते आणि एका तपकिरी तुकड्यावर हलकीच टिचकी मारते.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा. तरीही फुटलीच, तर टाकण्याआधी क्षणभर हातात धरा आणि ती कुणाची होती ते आठवा. माझी काही तक्रार नाही. माझी भिंत मोठ्या काचेसमोर आहे, आत हीटर चालू असतो आणि सकाळी ऊन थेट माझ्यावर येतं. शैलजाने मला उन्हात ठेवलं होतं, ते शेवटी खरं झालं.