शिसपेन्सिलीची रेघ

लेक भर दुपारी दुकानात आली, ती कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड टॉवेलात गुंडाळून. काउंटरवरच्या चष्म्यांच्या फ्रेमा बाजूला सारून तिनं ते ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, मी याला मारलं."

कार्डाला जळका वास येत होता. चष्मेवाल्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं.

"माझ्या फिल्मचं रेंडर अर्ध्यावर आलं होतं. फट्‌ असा आवाज झाला आणि सगळं बंद." तिनं मनगटानं डोळे पुसले. "कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर मी हा ओला टॉवेल वाळत घातला होता. तुम्ही शंभरदा सांगितलं होतंत."

सांगितलं होतं खरं. सांगण्यात चष्मेवाल्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कॅबिनेटवर काही ठेवू नकोस, आधी हात धू, धूळ पूस, तुझ्या हाती वस्तू टिकतच नाही. हे शेवटचं तर त्यानं पोरीला इतकं ऐकवलं होतं की आता तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

ॲनिमेशनची ती फिल्म जेमतेम मिनिटभराची होती, वाऱ्याशी भांडणाऱ्या एका छत्रीची. रेंडर म्हणजे कॉम्प्युटरनं तिचं एकेक चित्र पक्कं करत जायचं, आणि ते काम तासन्‌तास चालायचं. सोमवारी ती एका स्टुडिओला दाखवायची होती. आवडली तर पहिली नोकरी.

"त्यांना कळवून टाकते, जमणार नाही म्हणून," ती म्हणाली. "आणि खरं सांगू? माझ्यासारख्या वेंधळीला त्यांनी घेऊही नये."

"आधी आत जाऊन पाणी पी," चष्मेवाला कसाबसा म्हणाला.

ती मागच्या खोलीत गेली आणि त्यानं भिंग डोळ्याला लावलं. कुठं बघायचं ते त्याला नेमकं ठाऊक होतं.

चष्मेवाल्याला एक खूळ होतं, ओव्हरक्लॉकिंगचं. बनवणाऱ्यानं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा कार्ड जास्त पळवायचं आणि आलेला आकडा इंटरनेटवरच्या आपल्यासारख्याच खुळ्यांना दाखवायचा. त्याचं स्वतःचं कार्ड जुनं, पळून पळून दमलेलं. लेकीचं नवंकोरं. गेल्या महिन्यात ती मावशीकडे गेली, तेव्हा त्यानं न विचारता ते काढलं. कार्डाला व्होल्टेज जास्त मिळालं की ते जास्त पळतं, आणि व्होल्टेज वाढवायची या लोकांची एक जुनी युक्ती आहे. कार्डावरच्या तिळाएवढ्या एका रेझिस्टरवर शिसपेन्सिलीनं रेघ मारायची. पेन्सिलीच्या शिशातून वीज जाते, रेझिस्टरचा अडसर कमी होतो आणि व्होल्टेज चढतं. भिंगाखाली काम करायची सवय असलेल्या हाताला ते काय अवघड! आकडा असा आला की मंडळींनी डोक्यावर घेतलं. मग त्यानं कॉम्प्युटरमधला वेग पूर्ववत केला आणि शहाण्यासारखं कार्ड जागच्या जागी बसवलं.

वेग बटण दाबून उतरतो. रेघ खोडावी लागते, आणि तेवढंच तो विसरला होता. तेव्हापासून पोरीचं कार्ड वाढीव व्होल्टेजवर तापत होतं. टॉवेल बिचारा निर्दोष होता.

भिंगाखाली रेघ चकाकत होती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात. इथं तर माणसाचा धंदाच डोळ्यांचा होता.

खोडरबर ड्रॉवरमध्ये होतं. आपण काय करतोय हे कळायच्या आत त्यानं ते कार्डावर घासलं होतं. एक फुंकर मारली आणि रेझिस्टर स्वच्छ झाला. इतकी लाज त्याला रेघ मारताना, विसरताना, कधीच वाटली नव्हती.

लेक तोंड धुऊन बाहेर आली. टॉवेल उचलून तिनं कडेला कड जुळवून घडी घातली, यापुढे मी नीट वागेन असं सांगितल्यासारखी. ते त्याला बघवेना.

"हे तू नाही केलंस. मी केलंय," तो म्हणाला, आणि सगळं सांगून टाकलं. सगळं म्हणजे, खोडरबर सोडून.

तिनं ऐकून घेतलं. मग भिंगातून कार्ड पाहिलं. "कुठाय रेघ?"

त्यानं खोडरबर मुठीत झाकलं.

"बाबा, माझ्यासाठी खोटं नका बोलू." ती चक्क हसली. "म्हाताऱ्या गिऱ्हाइकांनाही तुम्ही असंच सांगता, नंबर काही फार वाढला नाही म्हणून." आणि तिनं त्याच्या हातावर थोपटलं.

आता मूग गिळून बसला असता तरी चाललं असतं. खरं सांगितल्याचं पुण्यही पदरात आणि पोरीची मायाही. पण ते थोपटणं त्याला शिवीपेक्षा जास्त लागलं. त्यानं पेन्सिल उचलली, भिंग लावलं आणि त्याच रेझिस्टरवर तीच रेघ पुन्हा मारली. एका दमात, न थरथरता. पहिल्यांदा मारणाऱ्याच्या हातून अशी रेघ येत नाही, हे चित्रं काढणाऱ्या पोरीला समजावून सांगावं लागलं नाही.

"तू पाणी प्यायला गेलीस, तेव्हा मी खोडली," तो म्हणाला आणि काळं झालेलं खोडरबर तिच्यापुढे ठेवलं.

तिनं भिंग घेऊन रेघ पाहिली.

"म्हणजे टॉवेलामुळे नाही झालं."

"नाही."

"मी रडत होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

तिनं भिंग खाली ठेवलं.

"आत माझं मशीन आहे," तो घाईघाईनं म्हणाला. "जुनं आहे, पण आत्ता रेंडर लावलंस तर सोमवारपर्यंत होईल. घे."

"त्यात काय काय खरडून ठेवलंय?"

"काही नाही. तुझी शपथ."

आजवर बाबांनी सांगितलेलं तिनं कधी पडताळून पाहिलं नव्हतं. ती मागच्या खोलीत गेली, त्याच्या मशीनचं झाकण उघडलं, कार्ड बाहेर काढलं आणि मागं न बघता हात पुढे केला.

"भिंग द्या."

त्यानं दिलं. ती वाकून एकेक रेझिस्टर बघत राहिली, आणि तिचं बघून होईपर्यंत चष्मेवाला दाराशी उभा राहिला.