एकट्या पेशीचा खाऊ

कपबशी किणकिणली. दुपारची वेळ, खारू नुकतीच झोपलेली, पंखासुद्धा मी मुद्दाम हळू ठेवलेला. त्या शांततेत तो आवाज इतका मोठा वाटला की आम्ही दोघींनी आधी खारूच्या अंथरुणाकडे पाहिलं. माझी लेक हलली नाही. मग मी सासूबाईंच्या हाताकडे पाहिलं. बशी उजव्या हातात होती आणि कप तिच्यात बारीक बारीक नाचत होता.

त्यांनी दुसरा हात लावून तो थांबवला आणि बशी खाली ठेवली.

"दिसलं वाटतं तुला," त्या म्हणाल्या.

"ऐकू आलं."

"तिखट कानाची आहेस. पोर झालं की होतात कान असे."

"कधीपासून आहे, आई?"

"झाले बरेच दिवस. डॉक्टरांना दाखवून आलेय. घाबरण्यासारखं नाही, वयाचं आहे म्हणतात. जेवायला, केस विंचरायला काही अडत नाही. त्याला एवढ्यात सांगू नकोस. तुझा नवरा लगेच तोंड पाडून बसतो."

"आणि लॅबमध्ये?"

त्यांनी कप दोन्ही हातांत धरून उरलेला चहा संपवला आणि उठल्या.

माझ्या सासूबाई पेशी वाढवतात. आमचं लग्न ठरलं तेव्हा हे ऐकून माझ्या मावशीला वाटलं होतं, अळंबी वाढवण्यासारखा काही घरगुती उद्योग असेल. "चालतो का चांगला?" असंही तिनं विचारलं होतं. सासूबाईंनी न हसता सांगितलं, "चालतो. विकत कोणी घेत नाही एवढंच." एका संशोधन संस्थेत त्या तंत्रज्ञ आहेत. माणसाच्या शरीरातल्या पेशी काचेच्या खोलीत, उबदार कपाटात ठेवून जगवायच्या, हे त्यांचं काम. त्या पेशी ज्या गुलाबी पाण्यात राहतात त्याला सासूबाई खाऊ म्हणतात. सुट्टी असो, अंगात ताप असो, खाऊ बदलायला जावंच लागतं. आमच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा संध्याकाळी त्या तासभर गायब झाल्या होत्या. मला वाटलं, रुसल्या.

सध्या त्यांच्याकडे एका आजारी मुलीच्या पेशी होत्या. ती कोण, कुठली, त्यांना ठाऊक नव्हतं. कुपीवर नुसता आकडा. वय तेवढं कळलेलं: आमच्या खारूएवढी.

पेशींचं एकमेकींशी सतत बोलणं चालू असतं, हे मला सासूबाईंनीच भाजी निवडताना सांगितलं होतं. एक पेशी काहीतरी सोडते, ते दुसरीच्या अंगावरच्या कडीला लागतं, कडी वाजते आणि आत हातोहात निरोप पोचतो. वाढ. थांब. धावून ये. आता मर. या मुलीच्या पेशींची कडी वाजत होती, पण आत कोणी हलतच नव्हतं. त्यामुळे साधी सर्दीही तिच्या जिवावर उठायची. लॅबच्या प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणतात, त्यांनी त्या पेशींच्या जनुकातलं चुकलेलं एकच अक्षर नव्या पद्धतीनं बदलून दाखवलं होतं. मला तर ते ऐकूनच हात जोडावेसे वाटले. एवढ्याशा पेशीच्या आत, त्याहून कितीतरी बारीक लिहिलेलं, त्यातलं एक अक्षर!

पण दुरुस्त होते ती हजारांत एखादी. ती हिरवी चमकावी अशी सोय केलेली असते. तिला वेचून ताटलीतल्या वेगळ्या खळग्यात एकटीला ठेवायचं, म्हणजे पुढे वाढेल तो सगळा गोतावळा तिचाच. आणि इथेच घोडं पेंड खात होतं. एकटी ठेवली की ती मरायची. खाऊ भरपूर होता. आजूबाजूला कोणाची चाहूल नाही, म्हणून.

दोनदा सगळा खटाटोप वाया गेला होता. उरली होती बदललेल्या पेशींची एक कुपी. आणखी पेशी हव्या तर त्या पोरीला पुन्हा सुया टोचायच्या, आणि तिचे डॉक्टर नाही म्हणाले होते. वेचण्याचं यंत्र आहे, पण त्याच्या जोरदार धारेत या पेशी अर्धमेल्या होतात. म्हणून हे काम सूक्ष्मदर्शकाखाली, केसाएवढ्या बारीक काचेच्या नळीनं, हातानं करायचं. तो हात सासूबाईंचा होता.

"रविवारी येतेस का सोबत?" त्यांनी विचारलं. "खारूलाही घे."

इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं.

लॅबचा बोळ लांबलचक होता, फ्रीजच्या घरघरीनं भरलेला. पेशींच्या खोलीला मोठी काच. काचेपलीकडे सूक्ष्मदर्शकाला जोडलेला पडदा होता, तो बाहेरून नीट दिसे. खारू लगेच काचेला नाक लावून उभी राहिली. मॅडम म्हणजे कोणी करारी बाई असतील असं मला वाटलं होतं. त्या निघाल्या स्वेटरच्या बाह्या वर केलेल्या, पेनाचं टोपण चावत बोळात येरझाऱ्या घालणाऱ्या.

"आलात का? मला रात्रभर झोप नाही," त्या सासूबाईंना म्हणाल्या.

"मला छान लागली," सासूबाई म्हणाल्या. मला ठाऊक होतं ते खोटं होतं.

आत एक नवी मुलगी होती. शिकून बाहेर पडून तिला फार दिवस झाले नव्हते. ती जाईल तिथली दारं आपटायची म्हणून सासूबाई तिला वादळ म्हणत. वादळानं फ्रीजमधून एक डबा काढला आणि दार आपटलं.

"आई, हे काय लिहिलंय डब्यावर?" मी उघड्या दारातून विचारलं.

"उष्टं."

"काय?"

"अगं, या वेळी मॅडम म्हणाल्या, जुन्या रीतीनं करू या. त्याच मुलीच्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी दाट वाढवल्यात. ज्या खाऊत त्या दिवसभर राहिल्या, तो काढायचा, गाळायचा आणि एकटीला द्यायचा. त्यांनी सोडलेले निरोप त्यात असतात. एकटीला वाटतं, आहेत बाबा आपली माणसं जवळपास. मॅडमच्या लेखात याला लांबलचक नाव आहे. माझ्या डब्यावर उष्टंच."

"मीसुद्धा आता उष्टंच म्हणते," मॅडम म्हणाल्या. "परवा परिषदेत तोंडातून निघणार होतं."

दार बंद झालं. सासूबाई स्टुलावर बसल्या, मोजे चढवले. आधी साध्या पेशींवर हात बसवायचा असतो. पडद्यावर राखाडी पेशी दिसल्या, पाण्यात टाकलेल्या साबुदाण्यासारख्या. मग कडेनं काचेच्या नळीचं टोक आत आलं.

ते थरथरत होतं. घरी कपाखाली जेवढं दिसलं होतं, ते इथे पडदाभर झालं होतं. टोक पेशीजवळ गेलं, मागे आलं, पुन्हा गेलं. सासूबाईंनी कोपर टेबलाला टेकवलं, खांदे सैल सोडले. टोक थोडं ठरलं. पुढे झालं. आणि एक पेशी फुटली.

"होतं असं, काकू," वादळ म्हणाली. काचेआडून तिचा आवाज बारीक येत होता.

"होत नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "माझ्याकडून होत नाही."

त्या तशाच बसून राहिल्या. मला वाटलं, पुन्हा करतील. ती साधी पेशी होती, कोणाचं काही बिघडलं नव्हतं, आणि हाताचं माझ्याखेरीज कोणाला माहीत नव्हतं. उजळणीत एखादी फुटली म्हणून मॅडम एक शब्दही बोलल्या नसत्या. सासूबाईंनी नळी जागेवर ठेवली, मोजे काढले, दार उघडून बाहेर आल्या.

"मॅडम, माझा हात हलतो."

मॅडमनी तोंडातलं टोपण काढलं.

"आज नको मग. दमला असाल. पुढच्या आठवड्यात बघू."

"पुढच्या आठवड्यात माझा हात काय तरुण होणार आहे? खाऊ आज ताजा आहे. कुपी एकच आहे. वादळाला बसवा."

"मी?" वादळ दारात आली. "काकू, नाही हं. मला नाही जमणार. ती कुपी माझ्या हातून गेली तर..."

"माझ्या हातून तर जाणारच आहे."

फ्रीज घरघरत होते. मॅडमनी वादळाकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे.

"तुम्ही शेजारी बसाल?"

"जाते कुठे मी?"

वादळ स्टुलावर बसली. सासूबाई तिच्या मागे, दुसऱ्या स्टुलावर, हात मांडीवर एकावर एक ठेवून. कुपी उघडली गेली. पडद्यावर अंधारात काही ठिपके हिरवे चमकले. नळीचं टोक आलं. ते स्थिर होतं, पण घाबरून फार वेगानं आलं.

"श्वास घे. पेशी पळून नाही चालली."

"हो काकू."

"खाली. अजून. थांब. ओढू नकोस तिला, नुसतं बोलाव. येईल."

हिरवा ठिपका हलला, घुटमळला आणि नळीत शिरला.

"आता तिच्या घरी सोड. अलगद. हं. आणि पुढची."

"आजी का नाही करत?" खारूनं काचेवरचं नाक न काढता विचारलं.

"आजी शिकवतेय."

"आजी रडतेय का?"

"नाही रे बाळा. तिचं लक्ष आहे तिकडे."

मी सांगितलं ते खरं होतं. हातून काम सुटलेलं माणूस मी त्या दिवशी इतक्या जवळून पाहत होते, आणि त्या चेहऱ्यावर त्या हिरव्या ठिपक्याखेरीज कसली काळजी नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी आपणहून मुलाला सांगितलं. तो तोंड पाडून बसलाच. "आता घरी राहा आई, आराम कर," म्हणाला. "आणि उष्टं कोण काढणार?" असं विचारून त्यांनी त्याला गप्प केलं. ते काम हाताच्या थरथरीनं अडत नव्हतं. रोज सकाळी जाऊन दाट ताटल्यांमधला खाऊ काढायचा, गाळायचा, खळग्याखळग्यात थोडा थोडा घालायचा. वादळ नळी धरी, त्या डबा धरत. एकदा मी खारूच्या ताटात उरलेलं उभ्या उभ्या तोंडात टाकत होते तर त्या म्हणाल्या, "तुमचा उलटा कारभार. आमच्याकडे दाटीतल्यांचं उष्टं एकटीला." एवढंच. खळग्यांमध्ये काय चाललंय ते त्या सांगेनात आणि मी विचारीना.

मग एका सकाळी, त्या निघायच्या तयारीत असताना, फोन वाजला. समोरून वादळ इतकी ओरडत होती की मला ओट्याजवळ ऐकू आलं.

"दार आपटलंस का?" सासूबाईंनी विचारलं. "आपट आज. हरकत नाही."

फोन खाली ठेवून त्या खुर्चीवर बसल्या. डोळ्यांना पदर लावला, तो लगेच काढला.

"बऱ्याच गेल्या," त्या म्हणाल्या. "पण काही जगल्यात. एकीचा तर चांगला पुंजका झालाय. मॅडमनी तपासून घेतलं, अक्षर बरोबर आहे. निरोप आत पोचतोय."

"म्हणजे ती मुलगी बरी होणार?"

"एवढ्यात कुठलं? अजून वर्षं जातील, पुष्कळ कसोट्या आहेत. पण कुपी वाया नाही गेली. तिला पुन्हा टोचायला नको."

वादळानं फोटो पाठवला होता. खारू आजीच्या मांडीवर चढली. काळ्या पडद्यावर मुठीसारखा घट्ट हिरवा पुंजका होता.

"ही एकटी होती?"

"एकटी होती. आता बघ किती झाल्या."

"घाबरली नाही?"

"बाकीच्यांचं उष्टं दिलं ना तिला. तिला वाटलं, सगळ्या इथेच आहेत."

"पण नव्हत्या."

"नव्हत्या."

खारूनं विचार केला. सासूबाईंनी तिला मांडीवरून उतरवून माझ्याकडे दिलं, चपला घातल्या आणि नेहमीच्या वेळेला नेहमीसारख्या गेल्या. खारू माझ्या कडेवरून खिडकीतून त्यांना जाताना बघत होती.

"आई, त्या बाकीच्या कुठे आहेत?"

"कोण?"

"ज्यांचं उष्टं होतं त्या."

"त्यांचं काम झालं की त्यांना ठेवत नाहीत, राणी. कपाटात जागा नसते."

आजी कोपऱ्यावरून वळली. खारूनं माझी हनुवटी धरून माझं तोंड आपल्याकडे फिरवलं.

"मग ही जगली, हे त्यांना कोणी सांगितलं का?"