देनचाय माझ्यावर बसला होता

मी लव्हाळ्याची एक जुनी चटई आहे, आणि मित्रांनो, तुमच्या सगळ्या आळीने मिळून पाहिले नसतील इतके गाण्याचे जलसे मी एकटीने पाहिले आहेत. तेही उताणी पडून, वर बसलेल्या माणसांच्या फटींतून. तक्रार करत नाही. चटईच्या जन्माला आल्यावर याहून चांगली जागा कोणाला मिळते?

नोंगफाय गावच्या तळ्याकाठी माझा जन्म झाला. खाम नावाच्या बाईने कमरेइतक्या चिखलात उतरून लव्हाळे कापले, चिरले, उन्हात वाळवले, काही लाल रंगात उकळले आणि काही हिरव्या. चटईचा माग एकटीने चालत नाही. एकीने काडी घालायची आणि दुसरीने फणी आपटायची. फणी खाम आपटत होती आणि काडी तिची लेक चानपेन घालत होती. चानपेन तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. तिच्या तोंडी सारखे गाणे चालू, लक्ष भलतीकडे, म्हणून माझ्या कडेची एक ओळ वाकडी गेली. दुसऱ्या एखाद्या आईने पाठीत धपाटा घातला असता. खाम म्हणाली, "राहू दे. गाणाऱ्या पोरीची चटई आहे, थोडी नाचणारच."

आमच्या भागात जलसा म्हटला की मोलाम. गाणे, नाच, नाटक आणि चावट विनोद, सगळे एकाच रंगमंचावर. मोलामला खुर्च्या नसतात. दुपारीच जाऊन पुढची जागा धरायची, चटई अंथरायची आणि कोपऱ्यांवर चपला ठेवून द्यायच्या. दुसऱ्याच्या चटईवर पाय ठेवायचा नाही हा नियम आमच्याकडे चोरसुद्धा पाळतात.

किती कलावंत पाहिले म्हणून सांगू! बांबूच्या नळ्यांचा खेन वाजवणारा एक म्हातारा होता. श्वास सोडताना तर त्याचा सूर निघेच, पण श्वास घेतानाही थांबत नसे. मला वाटायचे, हा माणूस मरताना तरी थांबेल की नाही कोण जाणे. दोन गायिका होत्या, सवाल-जवाबात एकमेकींची सात पिढ्यांची अब्रू काढायच्या आणि खाली उतरल्या की एकाच डब्यातला विडा खायच्या. खरे सांगते, माझे मन अजूनही त्या दोघींवरच आहे. खामचेही होते. पण तिला एक गाणे धड ऐकायला मिळत नसे. चानपेन तिच्या मांडीवर झोपलेली, आणि हिचा पंखा डासांवर चाललेला. लोक उठायला लागले की ती शेजारणीला विचारायची, "शेवटी त्या नवऱ्याचं काय झालं गं?"

मग चानपेन मोठी झाली, लग्न झाले, विधवा झाली, आणि मोलामही मोठे झाले. गाड्या भरभरून दिवे आले. पिसांचे मुकुट घातलेल्या नाचणाऱ्या आल्या. घराएवढे कर्णे आले, ते लागले की माझी काडी न् काडी थरथरे. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध देनचाय आला.

देनचायचा गळा खरोखर चांगला होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण चानपेनसारख्या बायका त्याच्यामागे वेड्या झाल्या त्या गळ्यामुळे नव्हे. शेवटी तो आईचे गाणे म्हणायचा. शहरात गेलेला मुलगा, गावात वाट पाहणारी आई, असे ते गाणे. ते म्हणत तो पायऱ्या उतरून खाली यायचा, पुढच्या चटयांवरची एखादी म्हातारी निवडायचा आणि तिच्या मांडीवर डोके ठेवून उरलेले गाणे गायचा. सगळे मैदान हुंदके द्यायचे. दुसऱ्या दिवशी त्या म्हातारीचा फोटो जिल्ह्यातल्या प्रत्येक फोनवर असायचा.

आमच्या शेजारच्या वान्नाच्या सासूला हा मान मिळाला होता. वान्नाने तो फोटो दारावर टांगला, असा की घरात शिरताना प्रत्येकाने मान वर करावी.

"तुझ्या आईला पण ने की एकदा," ती चानपेनला म्हणायची. "पण मावशींच्या तोंडावर तेज नाही गं तेवढं. तो तेज बघून निवडतो."

"तुझ्या सासूच्या तोंडावर तेज नव्हतं, तेल होतं," चानपेन म्हणायची. पण घरी आल्यावर तिला जेवण जात नसे. तो फोटो दारावर लागल्यापासून तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. देनचायने तिच्या चटईवर बसावे.

आणि त्यासाठी तिच्याजवळ म्हातारी होती.

खाम तेव्हा ऐंशीच्या पुढे गेली होती. पाय गेले होते, कानही निम्मे गेले होते. चानपेन तिला एकेका जलशाला न्यायची, कोंबड्यांच्या बाजाराला कोंबडी न्यावी तशी. तीन गावांत नेले. तिन्ही वेळा देनचाय दुसऱ्याच म्हातारीकडे गेला आणि तिन्ही वेळा परतताना चानपेन आईशी बोलली नाही.

माघातल्या पुनवेला आमच्याच देवळाच्या मैदानात देनचायची मंडळी आली. खामला दोन दिवस ताप होता. चानपेनने तिला रेशमी लुगडे नेसवले, केस विंचरले, तोंडाला पावडर लावली, मग थोडी पुसून काढली.

"म्हातारी दिसायला पाहिजेस," ती म्हणाली, "आजारी नाही."

"आज घरीच पडते गं मी," खाम म्हणाली. "अंग मोडून आलंय."

"रोज घरीच पडलेली असतेस. आज तिथे पड."

मला भर दुपारी पहिल्या रांगेत अंथरले. उन्हाने मी तव्यासारखी तापले होते. त्या तव्यावर खामला बसवले, पाठीशी पांघरुणाची गुंडाळी दिली. बाजूला वान्ना आपल्या सासूला घेऊन, चिकट भाताची टोपली आणि भाजलेली कोंबडी पुढ्यात घेऊन ऐसपैस बसली होती.

"चानपेन," खाम थोड्या वेळाने म्हणाली, "घसा सुकलाय. घोटभर पाणी दे."

"आणि लघवी लागली म्हणजे? तुला उचलून मी जाणार, आणि इकडे वान्ना पाय पसरणार."

"ओठ तरी ओले कर."

"नंतर देते म्हटलं ना! एकदा त्याचं होऊ दे, मग हंडाभर पी."

वान्नाने कोंबडीचे हाड चोखत म्हटले, "दे की गं पाणी. मेल्याबिल्या तर तुझी जागा वाया जायची."

दोघीही हसल्या. मला हे सांगताना आजही लाज वाटते, आणि मी तर साधी चटई आहे.

दिवे लागले. पिसांच्या नाचणाऱ्या आल्या, विदूषक आला, त्याने आपल्या बायकोची नक्कल केली, मैदान लोळले. खाम चानपेनच्या खांद्याला टेकली होती. मित्रांनो, माणसाचे वजन चटईला जेवढे कळते तेवढे वैद्यालाही कळत नाही. जिवंत माणूस कितीही स्वस्थ बसला तरी स्वस्थ नसतो. श्वासाबरोबर त्याचा भार इकडून तिकडे हलत राहतो. देनचायने आईच्या गाण्याची पहिली ओळ उचलली, आणि माझ्यावरचा तो भार हलायचा थांबला.

चानपेनलाही कळले. तिने आईचा हात हातात घेतला, दाबला, पुन्हा दाबला. मग तिने वर पाहिले. देनचाय पहिल्या पायरीवर होता.

मला वाटले, आता ही ओरडेल. तिने दोन बोटांनी आईचे डोळे मिटले, मान सरळ करून आपल्या खांद्यावर नीट टेकवली, मांडीवरच्या लुगड्याची घडी सारखी केली आणि वान्नाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "ए आई, झोपू नकोस हं. आलाच तो!"

आणि तो आला. सगळ्या म्हाताऱ्या सोडून आमच्याच चटईवर आला. गुडघे टेकून बसला आणि खामच्या मांडीवर डोके ठेवून गाऊ लागला. दोन ओळी झाल्या. त्याने तिचा हात कपाळाला लावायला उचलला. हात त्याच्या बोटांतून सुटून खाली पडला. देनचायचा सूर तुटला. मैदानाला वाटले, बिचाऱ्याला गहिवरून आले. बायका ढसाढसा रडायला लागल्या.

त्याने चानपेनकडे पाहिले. चानपेन ओठ न हलवता म्हणाली, "फोटो होऊ दे. एवढा एकच."

मला वाटले, आता तरी हा ओरडेल. त्याच्या मागे वाद्ये चालू होती, पुढे हजारो फोन वर झाले होते. त्याने माइक तोंडाशी नेला. "माझ्या गाण्यानं आईला झोप लागली," तो म्हणाला, आणि टाळ्यांच्या कडकडाटात हात जोडून वर निघून गेला. पुढची दोन गाणी त्याने नाचाची म्हटली. चांगली म्हटली.

मैदान रिकामे झाल्यावर चानपेनने आईला पांघरुणात गुंडाळून घरी नेले, पलंगावर ठेवले, आणि सकाळी गावाला सांगितले की आई पहाटे आपल्या अंथरुणावर गेली, देनचायचे गाणे ऐकून सुखाने गेली. "काय पुण्याई!" लोक म्हणाले. आमच्या गावची रीत अशी, की माणूस ज्या चटईवर मरतो ती त्याच्याबरोबर जाळायची. जी जाळली नाही ती त्याला पोचत नाही, असे म्हाताऱ्या सांगतात. खामच्या पलंगावर प्लास्टिकची चटई होती, बाजारातली, बदकांच्या चित्राची. तीच बिचारी माझ्या जागी जळाली. काळाकुट्ट धूर निघाला आणि भिक्खू मंत्र म्हणता म्हणता खोकले.

माझे मात्र दिवस पालटले. चाळीस वर्षे मला कोणी धड झटकले नव्हते. आता चानपेन मला मऊ फडक्याने पुसू लागली, कडा शिवून घेतल्या, उंदरांनी कुरतडू नये म्हणून उंच दांडीवर ठेवले. आईला कधी इतक्या हळू हाताने उचलले नव्हते तिने. शेजारणी यायच्या, हात लावायच्या. वान्ना तर माझ्यावर मांडी घालून बसली आणि फोटो काढून घेतला. "मावशींचा आशीर्वाद," म्हणाली. लोक माझी स्तुती करत होते आणि मी आतल्या आत कुजत होते.

वर्ष फिरले. पुन्हा माघातली पूनव, पुन्हा देनचायची मंडळी. चानपेनने मला पहिल्या रांगेत मधोमध अंथरले, आणि माझ्यावर कोणालाही न बसवता खामच्या मांडीवर देनचायचे डोके असलेला तो फोटो चौकटीत घालून ठेवला. सगळ्या गावाला तिने सांगून ठेवले होते, "बघाच तुम्ही, आज तो माझ्या रिकाम्या चटईवर डोकं टेकवणार."

आईचे गाणे सुरू झाले. देनचाय पायऱ्या उतरला, लोकांच्या टाळ्या घेत आमच्यापर्यंत आला, आणि माझ्या कडेशी थबकला. त्याने लाल-हिरवे पट्टे पाहिले. फोटो पाहिला. त्याचे पाऊल मागे गेले.

"बस ना बाळा," चानपेन म्हणाली. "तुझ्या आईचीच चटई आहे."

"ही अजून जाळली नाही?" देनचाय म्हणाला.

हळूच म्हणाला तो. पण माइक हातात होता, चालू होता, आणि घराएवढ्या कर्ण्यांनी तो प्रश्न देवळाच्या पलीकडच्या भातशेतांपर्यंत नेला.

ढोलकीवाल्याचा हात थांबला. वान्नाने आधी माझ्याकडे पाहिले, मग आपल्या मांड्यांकडे, आणि किंचाळली, "अगं बया! मेलेल्या बाईच्या चटईवर बसवलंस मला? इथेच गेली ना म्हातारी? इथेच गेली ना गं?"

"झोपली होती ती," चानपेन म्हणाली. "ह्यानंच सांगितलं होतं सगळ्यांना. सांग ना रे, तूच म्हणालास ना?"

आता खरे उत्तर एकाच माणसाजवळ होते, आणि त्याच्या हातात माइकही होता. मागून एक म्हातारा ओरडला, "पण ह्याला कसं रे ठाऊक?" तेवढ्यात देनचायने ढोलकीवाल्याला खूण केली. ढोलकी कडाडली, दिवे फिरले, तो वान्नाच्या सासूच्या मांडीवर डोके ठेवून पुढची ओळ गाऊ लागला. म्हाताऱ्याचा प्रश्न त्या गोंगाटात कुठे गेला कोणास ठाऊक. लोकांनी चानपेनला शिव्या घातल्या आणि देनचायबरोबर फोटो काढले.

मित्रांनो, वस्तू जपा, असे सांगून आम्ही वस्तू तुमचा निरोप घेतो. मला ते सांगायचे नाही. मला नको तितके जपले आहे. चानपेन मला जाळत नाही. जाळले तर लोक म्हणाले ते खरे ठरेल, असे ती म्हणते. अजूनही प्रत्येक जलशाला ती मला घेऊन जाते. दुपारी लवकर जायची आता गरजच नसते. मला पाहिले की लोक आपल्या चटया उचलून दूर सरकतात. पहिल्या रांगेत चहूबाजूंना मोकळी जमीन आणि मध्ये चानपेन एकटी, अशा आम्ही दोघी बसतो. देनचाय आमच्या बाजूच्या पायऱ्या कधीच उतरत नाही. तरी आईचे गाणे आले की ती बाजूला सरकून माझ्यावर जागा करते.

माझी एवढीच विनवणी आहे, तुमच्यापैकी कोणी कधी आमच्या गावी आलात, तर मला चोरून न्या आणि जाळा. म्हाताऱ्या सांगतात ते खरे असेल, तर खाम पलीकडे कुठेतरी उघड्या जमिनीवर पडलेली असेल. तिची चटई इथे गाणी ऐकते आहे.