पुसलेली काजळी

रोमन लोकांच्या काळात घडलेला मातीचा एक दिवा तुमच्याशी बोलतो आहे, मित्रांनो. तुमच्या पणतीचा मी लांबचा भाऊबंद. फरक एवढाच, की माझं अंग वरून झाकलेलं आहे. मधोमध तेल ओतायला भोक आहे आणि पुढे वातीसाठी चोच. माझ्या पाठीवर एक मासा उठवलेला होता. होता म्हणतो, कारण आता तो नीट ओळखू येत नाही. ते कसं झालं, तेच सांगायचं आहे.

तेव्हा रोमच्या ताब्यात असलेल्या इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियातल्या एका कुंभाराने मला साच्यातून काढलं आणि दोन अर्ध्या भागांच्या सांध्यावरून ओलं बोट फिरवून भट्टीत घातलं. तिथून मी एका उंच चाळीत भाड्याच्या खोलीत गेलो. खाली भाकऱ्यांची भट्टी, वर एकावर एक खोल्या. थंडीत खिडक्यांच्या लाकडी झडपा लावल्या की भरदिवसा काळोख व्हायचा. मग घरातली बाई मला पेटवून शेजारी लोकर कातत बसे. माझ्या उजेडात भिंतीवरचा लाल रंगाचा पट्टा उजळून निघे. तिचा भाऊ खलाशी होता. तो तांबड्या समुद्रावर निघाला तेव्हा तिनेच मला त्याच्या गाठोड्यात बांधून दिलं.

त्या समुद्राच्या या अरबी किनाऱ्यावर जहाजं गोड्या पाण्यासाठी थांबत. इथल्या वस्तीतच तो मला सोडून गेला. इथे माझ्यात तिळाचं तेल जळायचं. ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून मातीच्या बुधल्यांतून येई. पुढे जहाजं येईनाशी झाली, माणसं उठून गेली आणि मी वाळूखाली गेलो. चोचीवरची त्या तेलाची काजळी मात्र शतकानुशतकं तशीच राहिली.

अलीकडची गोष्ट. सौदी अरेबियातल्या यांबू शहरातली काही मराठी कुटुंबं किनाऱ्यावर सहलीला आली होती. वाऱ्याने वाळू सरकून माझी चोच उघडी पडली होती. पद्मजाने मला पाहिलं. ती नाशिकची. तिचा नवरा अरविंद तिथल्या एका कारखान्यात इंजिनिअर.

"अहो, बघा ना, किती गोड पणती!"

"कुणाची तरी पडली असेल. राहू दे."

"पडलीच आहे तर घेऊ या की," असं म्हणून तिने मला पर्समध्ये टाकलं.

घरी येताच तिने मला साबण लावून तारेच्या घासणीने घासलं. चोचीवरचा काळा थर निघेना, तेव्हा सुरीच्या टोकाने खरवडला. काजळी बेसिनमधून वाहून गेली, आणि तिच्याबरोबर माशाचे खवलेही. दिवाळीला तिने मला दिवाणखान्यात मांडलं. तिची मैत्रीण क्षमा म्हणाली, "अगदी नवी दिसते गं!" सगळ्यांनी कौतुक केलं. माझ्या वयाच्या म्हाताऱ्याला नवा म्हणत होते, मित्रांनो. मला वाटलं, पुन्हा वाळूत तोंड लपवावं.

पद्मजाची लेक नूपुर सहावीत. शाळेत रोमन लोकांच्या जीवनावर प्रोजेक्ट होता, म्हणून तिने मला वर्गात नेलं. रईसा टीचर रत्नागिरीच्या. त्यांनी मला हातात घेतलं, पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला ओढणीत गुंडाळलं आणि पद्मजाला शाळेत बोलावून घेतलं.

"ताई, रागावू नका. हा दिवा खरा आहे. जमिनीत मिळालेली अशी वस्तू इथल्या सरकारची असते. घरी ठेवता येत नाही."

नूपुर शेजारीच उभी होती. "मम्मा, मग आपण चोरी केली?"

पद्मजाने मला ओढणीसकट उचललं आणि नूपुरचा हात धरून ती घरी निघाली.

घरी अरविंद हादरला. "मी याला समुद्रात टाकून येतो. खलास! चौकशी लागली तर इकामा, इथे राहायचा परवानाच जाईल, नोकरी जाईल."

"आणि नूपुरने जे विचारलं, त्याचं काय सांगू?" पद्मजा म्हणाली.

अरविंदने नूपुरकडे पाहिलं. मग त्याने गाडीची किल्ली उचलली आणि तिघं मला घेऊन संग्रहालयात गेले.

तिथली अधिकारी दुआ तरुण होती. ती आवाज न चढवता एकेक विचारत गेली. "आजूबाजूला आणखी काही होतं?"

"पाहिलंच नाही," पद्मजा म्हणाली.

दुआने माझी चोच उजेडाकडे वळवली. "इथे काजळी होती?"

"होती. मी... सुरीने खरवडली."

दुआने मला हलकेच टेबलावर ठेवलं. "तिची तपासणी केली असती तर तेल कशाचं होतं ते कळलं असतं. कदाचित कुठून आलं होतं, तेही."

"आता नाही कळणार?"

"नाही."

अगं पद्मजा, तुझ्याच देशाचं होतं ते तेल! माझा जीव ओरडत होता, पण मला वाचा नव्हती. पद्मजाचे कान लाल झाले. तिने आपले दोन्ही हात टेबलाखाली लपवले.

"चूक आमची आहे," अरविंद हळूच म्हणाला. "चला, जागा दाखवतो."

पण वाऱ्याने किनारा पार बदलून टाकला होता. दिवस मावळेपर्यंत शोधलं, जागा सापडली नाही. त्यांना समज देऊन सोडण्यात आलं. शिक्षा झाली असती तर पद्मजाला हलकं वाटलं असतं.

आता मी काचेच्या पेटीत आहे. सापडल्याचं ठिकाण: नक्की माहीत नाही, अशी पाटी माझ्यापुढे आहे. किती स्वच्छ आहे, असं कुणी म्हणालं की मला अजूनही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मध्यंतरी एकदा पद्मजा क्षमाला घेऊन आली. किनाऱ्यावर क्षमाला एका बुधल्याचा काठ दिसला होता. ती दुआला म्हणाली, "आम्ही हात नाही लावला. फोटो काढला आणि जागा फोनवर टिपली. हिने मला सगळं सांगितलं होतं. स्वतःचंसुद्धा."

दुआ लगबगीने उठली. "यल्ला, चला, आत्ताच निघू या!"

मित्रांनो, जुनी वस्तू दिसली तर उचलू नका, घासू नका. तुम्हाला जो मळ वाटतो, तीच तिची भाषा असते. तिला आहे तिथेच राहू द्या आणि जाणत्यांना बोलवा.

त्या दिवशी दुआ आणि क्षमा पुढे गेल्या तरी पद्मजा माझ्यासमोर थांबून राहिली. काचेला बोट लागू नये म्हणून तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते.