कोपरापर्यंतची बाही

अमिरुन्निसाबीच्या हातून बाही चुकली, असे दहिवलीत गेल्या अठ्ठेचाळीस वर्षांत कोणी म्हटले नव्हते. तिच्या शिवणाला एक क्रम होता. नव्या नवरीला चार बोटांची बाही. पहिले मूल झाले की वीतभर. आणि लेकीचे लग्न ठरले की थेट कोपरापर्यंत. हा क्रम तिला कोणी शिकवला नव्हता, आणि तिनेही तो कोणाला विचारून लावला नव्हता. भात केव्हा पिवळे पडायचे, हे शेतकरी काही भाताला विचारत नाही.

म्हणून पोशीरच्या सोनाबाईचे डाळिंबी रेशमी कापड आले, तेव्हा कात्री क्षणभरही अडखळली नाही. सोनाबाईच्या नातीचे, सुरभीचे लग्न खालापुरात ठरले होते. सोनाबाईचा मुलगा निलेश आईच्या ब्लाउजचे कापड आणि मापाचा जुना ब्लाउज देऊन गेला. अमिरुन्निसाने अंग शिवले, बाह्या कोपरापर्यंत कापल्या आणि त्या जोडण्याआधी दंडाचे माप पुन्हा पाहावे म्हणून सोनाबाईला, आपल्या जुन्या मैत्रिणीला, बोलावून घेतले.

हळदीला दोन दिवस उरले असता सोनाबाई आली. खुर्चीत बसली. कापलेली बाही हातात घेऊन तिने ती आपल्या दंडावर धरली. कापडाची कड कोपराला टेकली.

"कापल्यास व्हय?" तिने हळूच विचारले.

"मग? हळद परवावर आली. काय गं, तोंड का उतरलं तुझं?"

"नाय. मला फुग्याच्या हव्या व्हत्या."

"फुग्याच्या? कुनाला, सुरभीला?"

"मला."

अमिरुन्निसा हसली. मनमोकळी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "सोने, सासष्टावं लागलं तुला! लग्न नातीचं हाय का तुझं?"

चहा घेऊन आलेली तिची सून उझमाही ओढणीआड हसली.

सोनाबाईनेही हसून घेतले, पण ते हसू ओठांपुरतेच होते. "निलेशच्या हाती असला निरोप कसा धाडायचा, म्हनून नाय बोलले. म्हटलं, जाऊन सांगेन. आता राहू दे. हाय तशाच जोड. वयाला शोभलं पायजे, खरं हाय तुझं."

तिने बाही घडी करून मशीनवर ठेवली, पिशवी उचलली आणि उंबरा ओलांडला. कपातला चहा तसाच राहिला. या घरातून ती चहा न घेता गेली, असे पूर्वी कधी घडले नव्हते.

अमिरुन्निसा मशीनपाशी बसली. सुईत दोरा होता, बाह्या समोर होत्या. अर्ध्या घटकेचे काम. तरी हात पुढे होईना.

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी ती या घरातली वीस वर्षांची सून होती. सासऱ्यांनी तिच्यासाठी जुनी शिवणमशीन आणली होती, आणि शेजारच्या घरातली अठरा वर्षांची सोना पोशीरला दिली जाणार होती. परक्या घरातून पहिले कापड विश्वासाने हाती आले ते सोनाचे. तिला फुग्याच्या बाह्या हव्या होत्या. शिवायच्या कशा, हे दोघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हते. सोनाने चुलीतल्या कोळशाने भिंतीवर आकार काढून दाखवला. तीन दुपारी त्यात गेल्या. पहिला फुगा कोबीच्या गड्ड्यासारखा झाला आणि दोघी पोट धरून हसल्या. दुसरा खाली बसला. तिसऱ्या दुपारी चुण्या अशा जमल्या की खांद्यावर जणू कमळाची कळी उमलली.

लग्नानंतर सोनाचा नवरा, मालोजीभावजी, तिला माथेरानला घेऊन गेले. त्या चिमुकल्या गाडीतून जाऊन आल्यावर सोना सांगत होती, "कड्यावर वारा असा शिरला बाह्यांत! हे म्हनाले, खांब धरून उभी ऱ्हा, नायतर उडून जाशील." सांगताना तिने दोन्ही हात पसरले होते. पन्नाशीला टेकलेल्या त्या आठवणीत आजही वारा होता.

आणि दीड वर्षाने हीच सोना कडेवर पोर घेऊन दारात उभी राहिली. "सासू म्हनते, पोराची आई झालीस, आता बाह्या खाली उतरव." अमिरुन्निसानेच तो फुगा उसवला होता. उसवताना होणारा बारीक करकर आवाज तिला आठवला. सोनाचा चेहरा मात्र आठवेना. ती त्या वेळी दाराकडे तोंड करून बसली होती.

त्यानंतर सोनाला कधी सांगावे लागले नाही. मैत्रिणीला घरी बोलणी बसू नयेत म्हणून अमिरुन्निसा आपणच बाही खाली उतरवत गेली. त्याला ती माया समजत आली होती, आणि ती मायाच होती. पण ती सासू जाऊन पंचवीस वर्षे लोटली. मग ही डाळिंबी बाही कोणाच्या धाकाने कोपरापर्यंत आली?

तिने गाठोडे सोडून तुकडे चाचपले. चार बोटांच्या कातरणीपलीकडे काही उरले नव्हते. उझमा म्हणाली, "अम्मी, बाजारात बघू का?"

"साडीसंगं आलेलं कापड हाय ते. बाजारात कुठनं मिळेल?"

ती बाही उलटसुलट करत राहिली. मग ती मधोमध आडवी दुमडली, आणि दुमड बोटाने दाबून तिथेच थांबली. लांबी अर्धी केली आणि दोन्ही अर्धे शेजारी शेजारी जोडले, तर रुंदी दुप्पट होणार होती. फुग्याला लांबी नको असते, रुंदीच हवी असते.

"जोड दिसंल ना, अम्मी."

"चुणीत घेते त्याला. पन कात्री चुकली तर दुसरं कापड नाय."

तिने कात्री उचलली. बिस्मिल्ला म्हटले आणि चालवली. दोन्ही अर्धे जोडले, काठाने कच्चा दोरा घातला, आणि तो ओढताच कापड हळूहळू गोळा होत आले. जोड चुण्यांच्या पोटात गेला. फुगा पूर्वीइतका मोठा झाला नाही. पण फुगाच झाला.

हळदीच्या सकाळी ती रिक्षा करून पोशीरला गेली. माजघरात सोनाबाईला एकीकडे नेऊन तिने स्वतःच्या हाताने हूक लावले.

सोनाबाईने आरशात पाहिले. उजवा खांदा पाहिला, डावा पाहिला. "बाई गं!" एवढेच म्हणाली. "लोक काय म्हनतील?"

"ते मी नाय शिवलं," अमिरुन्निसा म्हणाली. "मी बाह्या शिवल्यात. नको वाटल्या तर सांग, कातरनीची पट्टी लावून खाली घेते. पन तू सांग."

सोनाबाईने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घट्ट लपेटला आणि बाहेर गेली. अमिरुन्निसाला वाटले, उशीरच झाला.

अंगणात मांडवाखाली सुरभी पाटावर बसली होती. आजीचा मान पहिला. सोनाबाईने दोन्ही हात हळदीत बुडवले, नातीच्या गालांना लावले, कपाळाला, दंडांना लावले. आणि वाकता वाकता पदर खांद्यावरून घसरला. हात पिवळे, सावरायचा कसा? डाळिंबी फुगा साऱ्या मांडवाला दिसला.

बायकांत कुजबुज झाली. धाकटी जाऊ मोठ्याने म्हणाली, "अगो बया! जाऊबाई, नवरी कोन हाय आज?"

"नवरी हीच हाय," सोनाबाई नातीकडे बघत म्हणाली, "पन हळद लावनारी काय म्हातारी झाली व्हय गं?"

मांडव हसला. त्या हसण्यात सुरभी सगळ्यांत पुढे होती. सोनाबाईचे कान मात्र लाल झाले होते. तिने मान वळवून अमिरुन्निसाला हाक मारली, "अमिरून, हात भरलेत माजे. पदर बघ जरा."

अमिरुन्निसा पुढे झाली. पदराचे टोक तिच्या हातात आले. आजवर अशा वेळी तिचा हात आपसूक खांद्याकडे गेला असता. या वेळी तो मध्येच थांबला.

"झाकू का कमरेला खोचू?" तिने विचारले.

सोनाबाईने एके काळी सासू बसायची त्या ओट्याकडे पाहिले, जमलेल्या बायकांकडे पाहिले, आणि पिवळे हात हवेत तसेच धरून म्हणाली, "खोच."