रेघा नसलेली गिटार

१९९८ साली भोरच्या केशवरावांच्या ऑर्केस्ट्रात दोन गिटारवाले होते. अमजद सात वर्षं वाजवत होता. त्याचा मावसभाऊ कामरान दोनच वर्षांपूर्वी आला होता, पण एकट्यानं वाजवायचे तुकडे आल्या दिवसापासून त्याच्याच वाट्याला जायचे. अमजद मागं उभा राहून साथ धरायचा, वरवर हसायचा आणि आतून जळायचा.

एका सकाळी कामरान गिटार घेऊन अमजदच्या फर्निचरच्या दुकानात आला.

"अमजदभाई, दांडीवरच्या ह्या सगळ्या पट्ट्या उपटून टाक. वर गुळगुळीत सनमायका बसव. मला मींड पायजे, सरोदसारखी, एका सुरावरनं दुसऱ्यावर सरकत जाणारी."

"पट्ट्या गेल्यावर सूर कुठं गावायचा?"

"त्यांच्या जागी बारीक रेघा मारून दे की."

"सनमायकावर रेघ टिकत न्हाई," अमजद म्हणाला.

हे साफ खोटं होतं. पण भर मांडवात बेसूर झालेला कामरान त्याला डोळ्यांपुढे दिसला आणि बरं वाटलं.

काम मात्र त्याच्या हातून वाईट होईना. एकेक पट्टी तापवून त्यानं अलगद उपटली, खाचा भुसा-सरसानं बुजवल्या, दांडी घासून सपाट केली आणि काळा सनमायका असा चिकटवला की कडेवरून नख फिरवलं तरी अडकू नये.

पंधरा दिवसांनी वेल्ह्याला दुपारचं लग्न होतं. कामराननं पहिलाच सूर धरला आणि तो घसरला. अमजदनं मान खाली घालून हसू लपवलं. दुसरा सूर मात्र खालून सरकत आला, थरथरला आणि नेमका जागेवर थांबला. वाढपी वरणाची बादली हातात धरून तसाच उभा राहिला. केशवरावांनी हातानं बाकीची वाद्यं बंद करायला लावली. अमजदचंही.

मांडवामागं चहा घेताना अमजदला राहवेना.

"रेघा मारता आल्या असत्या. म्या मुद्दाम मारल्या न्हाईत."

"ठावं हाय," कामरान म्हणाला. "घरी जाऊन मीच मारून बघितल्या. टिकल्या की."

"मग?"

"पुसल्या. डोळे रेघांवर असले की कानाला काय ऐकूच येईना."

म्हणजे आपली खोडीही ह्याच्याच कामी आली! अमजदला चहा कडू लागला. त्यानं गिटार ओढून घेतली, बोट ठेवलं. आवाज आला तो रडका, ना ह्या सुराचा ना त्या. दोनदा, तीनदा, तेच. कामरान हसला असता तर परवडलं असतं. तो हसला नाही.

अमजदनं तळव्यानं तारा दाबून आवाज बंद केला. मग गिटार परत देत म्हणाला, "मला दाखवशील?"

जळणं काही थांबलं नव्हतं. पण विचारून झालं होतं.

"सोमवारी ये," कामरान म्हणाला. "तुझी गिटार पट्ट्या उपटून घिऊन ये मात्र. हिला आता मी कुणाला हात लावू देणार न्हाई."