सात डिसेंबरची शेवटची बोली

मेडिकेअरची, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्याची, योजना बदलण्याचा तो शेवटचा दिवस होता. दुपारी आर्डिस टोस्ट्रूड काउंटीच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात शिरली ती बुटांवरचा बर्फ न झटकताच. टेबलामागे मार्लिस हेग बसली होती. एकेकाळी ती शाळेची ग्रंथपाल होती. आता दर हिवाळ्यात म्हाताऱ्या माणसांना योजना निवडायला मदत करायची, पगाराशिवाय.

"व्हर्लिनने नवी योजना घेतलीय," आर्डिस नवऱ्याबद्दल म्हणाली. "त्या ब्रँडव्होल्डच्या विमा विकणाऱ्या नातवाकडून. कॅफेत त्याने फुकट जेवण ठेवलं होतं ना, तिथे. मला आज कळलं, तेही त्याच्या तोंडून निसटलं म्हणून."

मार्लिसने योजनेचं नाव विचारलं आणि ती जिथे चालते त्या दवाखान्यांची यादी संगणकावर उघडली. गावातलं डायलिसिस केंद्र त्या यादीत नव्हतं. तिने पुन्हा शोधलं. नव्हतंच. यादीतलं सगळ्यात जवळचं केंद्र खिंडीपलीकडच्या शहरात होतं. व्हर्लिनला आठवड्यातून तीनदा मशीनवर बसावं लागे, आणि जानेवारीत ती खिंड कधी बंद होईल याचा नेम नसे.

"वरचा खर्च भरणारा जुना पूरक विमा सोडला का त्याने?"

"अजून नाही. महिनाअखेरीस सोडणार म्हणतो."

"सोडायचा नाही. त्याची मूत्रपिंडं बघून परत कोण घेईल त्याला? कुठे आहे तो?"

"ट्रकमध्ये. आत यायला तयार नाही."

मार्लिसने कोट चढवला.

व्हर्लिन टोस्ट्रूडने चाळीस वर्षं गुरांच्या बाजारात लिलाव पुकारला होता. गेल्या वर्षी पुढचे दात गेले आणि त्याच्या पुकारात शब्दांपेक्षा वाराच जास्त येऊ लागला. बाजारवाल्यांनी त्याच्या जागी दुसरा माणूस उभा केला. नव्या योजनेत दातांचा खर्च मिळणार होता. फेब्रुवारीत वळूंची मोठी विक्री होती, आणि ती त्याला स्वतः पुकारायची होती.

मार्लिस ट्रकमध्ये मागच्या सीटवर बसली. हीटर घरघरत होता.

"तुम्ही काय घेतलंय ते माहितेय का तुम्हाला, व्हर्लिन?"

"दात घेतलेत, पोरी."

"आणि डायलिसिस?"

"तो पोरगा म्हणाला, डायलिसिस आहे."

"आहे. खिंडीपलीकडे."

व्हर्लिन काचेबाहेर बघत राहिला. "आर्डिस नेईल."

"नेईन की," आर्डिस म्हणाली. "मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी, बर्फातून, आठवड्यातून तीनदा नेईन. वसंतात बर्फ वितळला की आपण दोघं दरीत सापडू. नवे दात घालून तू तेवढा छान दिसशील."

"मी हो म्हटलंय, आर्डिस. ब्रँडव्होल्डच्या नातवाला. त्याच्या आजोबाने माझ्या शब्दावर आख्खे कळप घेतलेत."

"मग जा आणि त्याच्या आजोबाशेजारी झोप. दफनभूमीत जागा आहे."

"माझ्या रिंगणात मान डोलली की माल विकला. एकदा एकाने नुसतं नाक खाजवलं, तरी वळू घ्यायला लावला होता मी त्याला. आता मीच मागे फिरू?"

मार्लिसने पुन्हा यादीबद्दल सांगितलं, विम्याबद्दल सांगितलं. तो ऐकत होता, पण बाजारात पडेल भाव सांगणाऱ्याचं ऐकावं तसं. घड्याळ पुढे जात होतं. केंद्र पाचला बंद व्हायचं. शेवटी तिने विचारलं, "हातोडा पडायच्या आत कोणी वर बोली दिली, तर?"

"घ्यावीच लागते. न घेईल तो चोर."

"आणि हातोडा कधी पाडायचा, ते कोण ठरवतं? खाली उभं असलेलं गिऱ्हाईक?"

"पुकारणारा. दुसरं कोण?"

"इथे पुकारणारं मेडिकेअर आहे. हातोडा आज मध्यरात्री पडतो. तोवर तुम्ही शेवटी जी योजना निवडाल तीच धरतात. आधीची आपोआप गळते. तुमची मान डोलली खरी, पण लिलाव अजून चालू आहे."

व्हर्लिन सीटवर मागे वळला.

"हे त्या पोराने सांगितलं नाही मला," व्हर्लिन म्हणाला.

"तो कशाला सांगेल?"

त्याने ट्रकचं दार उघडलं.

आधी त्याच्याकडे असलेली औषधांच्या खर्चाची योजना पुन्हा निवडायची, एवढंच काम होतं. ती निवडली की नवी योजना रद्द आणि पूर्वीचं मेडिकेअर कायम, गावातल्या डायलिसिससकट. पण शेवटच्या दिवशी सगळ्या देशाला मेडिकेअरचा तोच नंबर लावायचा होता. मार्लिसने फोन स्पीकरवर ठेवला. संगीत वाजत राहिलं. बाहेर अंधारलं. पलीकडे खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवणाऱ्या माणसाने दोनदा इकडे पाहिलं. आर्डिसने दोनदा नजर चुकवली.

अखेर एक बाई बोलली. नाव, जन्मतारीख, कार्डाचा क्रमांक. मग तिने विचारलं, "मिस्टर टोस्ट्रूड, हा बदल तुम्ही स्वतःच्या मर्जीने करताय ना? कोणी दबाव तर आणत नाही?"

"आणतायत की," व्हर्लिन म्हणाला. "दोघी. एक डावीकडे, एक उजवीकडे."

आर्डिसने डोळे मिटले.

पलीकडची बाई सावध झाली. "तसं असेल तर मला हे पुढे नेता येणार नाही, सर. आपण थांबवूया का?"

मार्लिसने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. आता तिचा एक शब्द म्हणजे दबावच ठरला असता. व्हर्लिनने फोन स्वतःकडे ओढला.

"थांबा, बाई. थट्टा केली. बोलतोय मी, आणि निवडतोयही मीच. माझं डायलिसिस माझ्या गावात व्हायला हवं. जुनी योजना परत द्या."

दातांच्या फटीतून शिट्टी वाजली. पण शब्द सगळे कळले.

"नोंद झाली, मिस्टर टोस्ट्रूड."

मार्लिसने नोंदीचा क्रमांक लिहून घेतला आणि चिठ्ठी आर्डिसच्या हातात दिली. व्हर्लिन टोपी चढवत उठला. दातांबद्दल तो काही बोलला नाही.

ट्रकजवळ पोचल्यावर तो म्हणाला, "ब्रँडव्होल्डच्या नातवाच्या ऑफिसवरून घे."

"आत्ता? फोन कर की त्याला."

"वरची बोली लागली, हे खालच्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं असतं. दिवा दिसतोय त्याचा अजून."

आर्डिसने ट्रक वळवला.